कार्ल्याचा काळोख व एक छायाचित्र

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर मळवली हें लहानसें स्टेशन आहे. त्याच्या एका अंगास भाजें व दुसऱ्या अंगास कार्लें. भाज्यास जाणारे थोडे, कार्ल्यास जाणारे फार. कारण कार्ल्यास लेण्याच्या दारांतच एकवीरा देवीचें स्थान असून कोळी बांधव व इतर अनेक कुळें तेथें नवस फेडावयास येतात. देवीचें दर्शन झालें कीं मंडळी लेण्यांत डोकावतात आणि "आंत अंधार आहे" असें म्हणून दहा मिनिटांत पायऱ्या उतरूं लागतात. आमच्या मतें तो अंधार हाच त्या लेण्याचा खरा अलंकार होय. आणि त्याच अंधारानें यंदां आमच्या घरांत एक वाद उत्पन्न केला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें, ज्यांच्या घरीं कॅमेरा आहे अशा वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटतें.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. कार्ल्याचें चैत्यगृह हें आपल्या देशांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें. लांबी सुमारें 124 फूट, उंची सुमारें 45 फूट. दोहों बाजूंस पंधरा पंधरा खांब. त्यांच्या तळाशीं घट आणि माथ्यावर हत्तींवर बसलेलीं युग्में. स्तूपामागील सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, निरलंकार. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें जंबुद्वीपांतील उत्तम शैलगृह म्हणून याचा गौरव शिलालेखांत करून ठेवला आहे, आणि पाहणाऱ्यास ती आत्मस्तुति वाटत नाहीं. परंतु आम्हांस खरें नवल वाटतें तें छतास बसविलेल्या लांकडी कमानींचें. सुमारें दोन हजार वर्षें त्या तेथेंच आहेत. दगडाच्या छतास लांकडाचा आधार नको होता. तरी पूर्वीच्या लांकडी चैत्यांची आठवण म्हणून त्या घातल्या. प्रकाश येतो तो मुख्यतः दर्शनी भिंतींतील मोठ्या कमानदार गवाक्षांतून. लेणें पश्चिमाभिमुख असल्यामुळें दुपार कलली म्हणजे तो उजेड आंत शिरतो, स्तूपावर विसांवतो, आणि बाजूच्या खांबांमागें काळोख तसाच राहतो. हें आपोआप घडलेलें नव्हे. कोरणारांनीं योजिलेलें आहे.

गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. आमच्या ज्येष्ठ भगिनी अक्का यांस एक्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. पायऱ्या चढतांना त्या सात वेळां बसल्या आणि वर पोहोंचल्यावर म्हणाल्या, "हा डोंगर आतां पुन्हां माझ्यानें व्हावयाचा नाहीं." पुतण्यानें स्तूपाकडे पाठ करून, मध्यभागीं उभ्या असलेल्या अक्कांचें छायाचित्र घेतलें. पाठीमागें खांबांच्या दोन रांगा, वर कमानी, आणि अक्कांच्या मस्तकामागें तें तेजस्वी गवाक्ष. रचना उत्तम साधली. ट्रायपॉड लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून कॅमेरा हातींच धरलेला. घरीं येऊन पाहतों तों गवाक्ष सुरेख उमटलेलें, आणि अक्का म्हणजे केवळ एक काळी आकृति!

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास समोर अक्का आहेत कीं आकाश आहे हें कळत नाहीं. दृश्यांतील उजेडाची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी एवढेंच तो पाहतो. गवाक्षाचा झोत प्रखर, म्हणून त्यानें प्रकाश आवरला. त्यांत अक्का बुडाल्या. प्रकाश दुप्पट वा निम्मा होणें यास छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात. अक्कांच्या मुखावर तीन स्टॉप कमी पडले. म्हणजे हवा होता त्याच्या आठवा हिस्साच उजेड मिळाला.

पुतण्यानें मोबाईलवर एक बटण दाबून चित्र क्षणांत उजळलें. गवाक्षाच्या ठिकाणीं पांढरें भगदाड पडलें, खांब राखेसारखे झाले, काळोखाची जागा लग्नाच्या मांडवासारख्या सपाट उजेडानें घेतली, आणि अक्कांच्या गालांवर तांबडे-हिरवे कण तिळांसारखे विखुरले. मग कृत्रिम बुद्धीच्या एका साधनानें त्यानें ते कण पुसले. चेहरा स्वच्छ झाला खरा, पण हनुवटीवरचा तीळही गेला आणि कपाळावरच्या रेषाही! तो चेहरा अक्कांच्या वयाच्या कोणाही बाईचा होता, अक्कांचा नव्हता. घरांतील तरुण मंडळींस तो आवडला. आम्हांस आवडला नाहीं, व तसें आम्ही स्पष्ट बोललों. येथें वाद सुरू झाला. अखेर पुतण्या म्हणाला, "काका, मग तुम्हीच क्रम सांगा, मी करतों."

क्रम सांगणें हें आमच्या आवडीचें काम. मीमांसेंत क्रमाचा विचार फार सूक्ष्म केला आहे. वाक्यांत आधीं अग्निहोत्राचें विधान येतें आणि नंतर यवागू शिजविण्याचें; तथापि होमास यवागूच हवी, म्हणून शिजविणें आधीं. पाठक्रमापेक्षां अर्थक्रम बलवान. संगणकाच्या पडद्यावर साधनांची जी यादी दिसते ती पाठक्रम. कोणतें काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हा अर्थक्रम. तो आधीं कागदावर मांडावा, मग यंत्रास हात लावावा.

पहिली गोष्ट मूळ प्रतीची. पुतण्यानें सुदैवानें कॅमेऱ्यांत रॉ फाईल ठेवली होती. नेहमींच्या जेपेग चित्रांत प्रत्येक रंगास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 च पायऱ्या. या कॅमेऱ्याच्या 14 बिटांच्या रॉ फाइलींत 16,384. पण त्यांतही गोम आहे. सर्वांत उजळ स्टॉपला निम्म्या पायऱ्या मिळतात, त्याखालच्यास त्याच्या निम्म्या, असें उतरत जातें. ज्या मुखास 2,048 पायऱ्या मिळावयाच्या तें तीन स्टॉप खालीं गेलें कीं 256 वर येतें. त्याहून मोठी अडचण प्रकाशकणांची. कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. 800 कण यावयाचे तेथें सुमारें 28 इकडे तिकडे होतात, 100 यावयाचे तेथें 10. म्हणजे अनियमितपणा साडेतीन टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर गेला. चित्र आठपट उजळलें कीं हा गोंधळही आठपट उजळतो. तांबडे-हिरवे कण हेच. जो उजेड आलाच नाहीं तो कोणत्याही साधनानें आणतां येत नाहीं, हें आधीं मान्य केलें म्हणजे पुढचा मोह टळतो.

काम आम्ही डार्कटेबल नांवाच्या विनामूल्य कार्यक्रमांत केलें. त्यांत मूळ फाईल अबाधित राहते; आपण केलेले फेरफार सूचनांच्या रूपानें निराळे लिहिले जातात. शिवाय कोणतें साधन आपण आधीं हातीं घेतलें यावर हिशेब अवलंबून नसतो; आंतील क्रम कार्यक्रमानें स्वतःच ठरविलेला असतो. मग क्रमाची मातब्बरी कशाला, असें पुतण्यानें विचारलें. मातब्बरी आपल्या डोळ्यांसाठीं. उजेड ठरल्यावांचून रंग पारखतां येत नाहीं, आणि रंग ठरल्यावांचून त्वचा.

म्हणून आरंभीं कण किंचित् शमविले. किंचित् एवढ्याचसाठीं कीं दगडावरचे छिन्नीचे घाव व अक्कांचा तीळ दोन्ही शाबूत राहावेत. कसोटी म्हणून तो तीळच धरला. नंतर सबंध चित्राचा उजेड एकच स्टॉप वाढविला. पुतण्या तीन म्हणत होता. पण गवाक्ष रॉ फाइलींत बरोबर उमटलें होतें, तीन वाढवितां तें जळून गेलें असतें. उरलेले स्टॉप केवळ अक्कांवर. मास्क म्हणून एक सोय आहे, तिनें चित्राचा हवा तो भाग निवडतां येतो. अक्कांभोवतीं लंबगोल मास्क काढून, त्याच्या कडा खूप मऊ ठेवून, आणखी दीड स्टॉप दिला. पूर्ण तीन दिले नाहींत. कारण गवाक्ष पाठीशीं असतां मुख थोडें सांवळें दिसणें हेंच खरें. तें भर उन्हांत असल्यासारखें झालें तर पाहणाऱ्यास कारण सांगतां न येतांही खोटें वाटतें. जवळच्या दोन खांबांस पाऊण स्टॉप. कमानींस कांहींच नाहीं.

रंगाचें काम सोपें निघालें. सांवल्या उजळल्या कीं त्यांत जांभळट वा हिरवट झांक उठते. अक्कांच्या हातांत पांढरा रुमाल होता. त्यास शुभ्र धरून सर्व रंगांचा तोल साधला, आणि दगड पुन्हां दगडाच्या रंगाचा झाला.

रेखीवपणा सर्वांत शेवटीं, आणि तोही चित्र किती मोठें छापावयाचें हें ठरल्यावर. बारा इंच रुंद व अठरा इंच उंच प्रत, इंचास 300 ठिपके. म्हणजे 3,600 गुणिलें 5,400. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पडदा स्वतः प्रकाशतो, कागद प्रकाशत नाहीं. म्हणून पडद्यावर ठीक दिसणारें चित्र कागदावर काळवंडतें. यास्तव मोठ्या प्रतीपूर्वीं चार बाय सहाची एक नमुन्याची प्रत काढून, ती जेथें टांगावयाची तेथल्याच उजेडांत पाहावी.

तशी प्रत आम्ही काढली व अक्कांच्या खोलींत खिडकीजवळ धरली. तरुण मंडळी अजूनही म्हणतात कीं फोटो काळा आहे. अक्कांनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. वरच्या बाजूस बोट ठेवून म्हणाल्या, "हीं लांकडें मला तेथें इतकीं दिसलीं नव्हतीं रे." नीट पाहतां सबंध चित्रास दिलेला एक स्टॉप कमानींवरही चढला होता. पुतण्यानें त्याच रात्रीं कमानींवर निराळा मास्क घालून त्यांचा उजेड अर्ध्या स्टॉपनें उतरविला आहे. दुसरा नमुना गुरुवारीं यावयाचा आहे.