डब्याचं वजन कोण धरणार?

टेबल सॉ भिंतीला लावून ठेवता येत नाही. आठ फुटी प्लायवूड कापायचं तर पात्याच्या अलीकडेही आठ फूट मोकळे हवेत आणि पलीकडेही, म्हणजे मशीन येतं खोलीच्या मध्यावर. भिंतीवरच्या बोर्डापासून तिथवर वायर जमिनीवरून न्यावी, तर ती भुशाखाली दिसेनाशी होते. तिच्यात पाय अडकेल तेव्हा समोर पातं फिरत असणार. म्हणून सॉकेट वरून खाली सोडायचं ठरवलं. माझी कार्यशाळा म्हणजे कोल्हापूरजवळच्या गावातला आमचा जुना गोठा. त्याच्या सागवानी तुळया अजून शाबूत आहेत.

सुतारकामातच मी नवखी, विजेचं तर काहीच कळत नाही. त्यामुळे ते काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं हे पक्कं होतं. काका आले, तुळईकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, डब्याचं वजन कोण धरणार?"

मला प्रश्नच कळेना. वायर आहे की!

मग त्यांनी एक सॉकेट उघडून दाखवलं. तांब्याच्या बारीक तारा एवढ्याशा स्क्रूखाली दाबलेल्या असतात. डबा वायरीवर लोंबत राहिला तर सगळं ओझं त्या स्क्रूंवर येतं, शिवाय प्लग घालता-काढताना बसणारे हिसके वेगळेच. जोड सैल होतो, सैल जोड तापतो, आणि खोलीत तर सगळीकडे सुका भुसा. त्यातून सुटलेली फेज लोखंडी डब्याला टेकली आणि अर्थिंग धड नसलं, तर डब्याला हात लावणाऱ्याला शॉक.

म्हणून तुळईतून आरपार आय-बोल्ट, मागे वॉशर आणि नट, त्याला साखळी आणि साखळीला डबा. वायर शेजारून जराशी ढिली येते, ताण घेत नाही. ती डब्यात शिरते तिथे ग्लँड आहे. त्याचा नट आवळला की आतलं रबर वायरीला चहूबाजूंनी धरतं आणि पत्र्याची धार तिला लागत नाही. आतमध्ये काकांनी अर्थिंगची तार फेज आणि न्यूट्रलपेक्षा मुद्दाम लांब ठेवली. एवढं करूनही वायर ओढली गेलीच, तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटावं. तारेच्या त्या दोन बोटं जास्तीच्या लांबीत केवढा विचार आहे! मी ती कितीतरी वेळ बघत होते.

वायर घरातल्या पाइपमधली नाही. ही हलणार, म्हणून तीन कोअरची फ्लेक्सिबल, 2.5 चौरस मिलिमीटरची. सॉकेट 16 अँपिअरचं. 230 व्होल्टला त्यातून 3,680 वॅट मिळतात; माझा सॉ आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम दोन्ही मिळून त्यात बसतात.

खरा गोंधळ उडाला तो मेन बोर्डापाशी. तिथे एमसीबी असताना आणखी आरसीसीबी कशाला? "एमसीबी वायरीला जपतो, हा तुम्हाला," काका म्हणाले. 16 अँपिअरच्या एमसीबीला जेवढा करंट जाणवतही नाही, तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. आरसीसीबी बघतो ते वेगळंच: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? फरक 30 मिलिअँपिअरवर पोचला की तो सप्लाय तोडतो. मला हायसं वाटलं, पण काका पुढे बोलले. एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल लागला, तर जाणारा आणि येणारा करंट सारखाच राहतो, आणि आरसीसीबी पडत नाही. तेव्हा आरसीसीबी आहे म्हणून चालू सप्लायवर डबा उघडायचा नाही, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

उंची ठरवणं माझ्याकडे होतं. प्लायवूड उभं करून फिरवून पाहिलं. त्याचा कोपरा कुठवर जातो ते मोजलं. डबा त्या घेराबाहेर, पात्याच्या बाजूला, हात वर केला की पोचेल असा लावला. सॉकेटचं तोंड आडवं आणि आत शटर, म्हणजे भुसा साचत नाही.

सप्लाय देण्याआधी डबा दोन्ही हातांनी खाली खेचून बघितला. साखळी ताठ झाली, वायर ढिलीच राहिली. मग काकांनी मल्टिमीटर आधी चालू पॉइंटला लावून तो नीट दाखवतोय याची खात्री केली आणि त्यानंतरच नवं सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं, न्यूट्रल-अर्थमध्ये नाममात्र व्होल्ट.

एक शंका उरली होती. अर्थिंगचा एवढा आग्रह, मग माझ्या ड्रिलच्या प्लगला दोनच पिना कशा? काकांनी त्याच्या पट्टीवरची चौकोनात चौकोन अशी खूण दाखवली. ही डबल इन्सुलेशनची खूण. अशा मशीनला अर्थिंग लागत नाही. आजोबांच्या जुन्या ग्राइंडरवर ती खूण नाही, अंग पूर्ण लोखंडी आहे आणि वायर दोनच कोअरची. काका त्याला तीन कोअरची वायर घालून देणार आहेत. तोवर तो कपाटात ठेवला आहे.