अर्धपोटीं यंत्र

तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसानें यंत्रांविषयीं मत देऊं नये, असें आमच्या घरांतील सर्वांचें मत आहे, आणि तें बहुधा बरोबरच ठरतें. तरीही गेल्या वैशाखांत धर्मापुरीस आमच्या लॅपटॉपनें जो हट्ट मांडला, त्याची हकीकत सांगितल्यावांचून आम्हांला राहवत नाहीं. तींत आमची फजिती आहे. आणि फजितीहून अधिक बोचणारें असेंही कांहीं आहे.

धर्मापुरी हें गांव बीड जिल्ह्यांत, परळीच्या बाजूला. चालुक्यकालीन केदारेश्वराचें देऊळ पाहण्यासाठीं अभ्यासू मंडळी तेथें येतात, बाहेरच्या भिंतींवरील मूर्तींचीं छायाचित्रें घेतात आणि दिवस मावळण्यापूर्वीं परततात. आम्ही जातों तें आत्याबाईंसाठीं. तें त्यांचें सासर. आमच्या वडिलांच्या त्या पाठच्या बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढें. नक्की किती, हें त्यांनाही ठाऊक नाहीं. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा त्यांच्यापाशीं आहे, आणि जातें अंगणांत पालथें पडून कित्येक वर्षें लोटलीं तरी तो साठा आटलेला नाहीं. हेमा रायरकर आणि गी पॉयतवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगांवच्या भीमनगरांतील बायकांचे आवाज १९९६ सालीं ध्वनिमुद्रित झाले, म्हणजे हें काम आमच्याच जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोंचलें होतें. आमच्या आत्याबाईंच्या दारीं मात्र कोणी आलें नाहीं. हें काम आपलें आहे असें आम्हांला पन्नाशी उलटल्यावर वाटूं लागलें. एवढा उशीर कां झाला, या प्रश्नाचें उत्तर आम्हीं अद्याप स्वतःलाही दिलेलें नाहीं.

कोणी विचारील, लॅपटॉपच कशाला? फोनवर आवाज धरून ठेवावा कीं! आम्हीं तोही प्रयोग केला. फोन समोर धरला म्हणजे आत्याबाई पदर सारखा करून गप्प बसतात. फोटो निघतो आहे अशी त्यांची समजूत. वहींत लिहावें तर गेल्या वर्षीं लिहिलेलीं चाळीस पानें आज आमचीं आम्हांलाच लागत नाहींत. लॅपटॉप मात्र त्यांनीं मान्य केला. बोटें चालतांना दिसतात, म्हणजे पोरगें कांहीं काम करीत आहे, असें त्यांना वाटतें. आणि त्यांची वेळ पहांटेची. चारला उठतात, चूळ भरून ओट्यावर येऊन बसतात, आणि उन्हाची तिरीप अंगणांत उतरेपर्यंत त्यांची स्मृति आरशासारखी स्वच्छ असते. ऊन चढलें कीं नांवें एकमेकांत मिसळूं लागतात. मग आम्हांलाही त्या आमच्या वडिलांच्या नांवानें हांक मारतात, आणि आम्हीही ओ देतों.

त्या आठवड्यांत वीज नेमकी पहांटे पांचला जात असे, ती आठच्या सुमारास येई. म्हणजे आमचें सारें काम बॅटरीवर.

पहिल्या दिवसाची चूक सर्वस्वीं आमची. हल्लीं फोनच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरचें तोंड एकसारखें असतें. पिशवींत हाताला लागला तो चार्जर आम्हीं रात्रीं लावला आणि निश्चिंत झोंपलों. तो फोनचा निघाला, अठरा वॅटांचा. आमचा लॅपटॉप पासष्ट वॅट मागतो. त्याहून फारच लहान चार्जर दिसला तर तो त्याच्याकडे ढुंकूनही पाहात नाहीं. तोंड जुळलें म्हणजे संबंध जुळला असें नव्हे, हें आमच्यासारख्या संसारी माणसाला एव्हांना समजावयास हवें होतें.

दुसऱ्या रात्रीं खरा चार्जर लावला. पहांटे पाहतों तों बॅटरी साठ टक्के, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत लिहिलेलें कीं प्लग जोडलेला आहे, चार्जिंग होत नाहीं. काम सुरू केलें. पाऊण तासानें, आत्याबाई आपल्या भावाच्या ओव्यांवर आल्या असतां, पडदा काळा झाला. आम्ही वायर ओढून पाहिली, बटन दाबून पाहिलें, यंत्र उलटें करून पाहिलें. तिकडे ओवी चाललीच होती. आम्ही ती ऐकत नव्हतों. पेन सांपडेपर्यंत आत्याबाई पुढच्या ओवीवर गेल्या होत्या. मग त्याच थांबल्या आणि म्हणाल्या, "आरं, उपाशी हाय व्हय तुझं यंतर? त्याला आधी जेवू घाल."

दोष विजेचा, असा निवाडा आम्हीं तात्काळ देऊन टाकला. परळीचें औष्णिक वीजकेंद्र येथून फार लांब नाहीं. १९७१ पासून तेथें वीज निघूं लागली, आणि २०१३ व २०१५ सालच्या दुष्काळांत तें पाण्यावांचून बंदही पडलें होतें. म्हणजे पाऊस न पडल्याची झळ या भागानें विहिरींतच नव्हे, तर दिव्यांतही पाहिली आहे. एवढा सबळ पूर्वेतिहास हाताशीं असल्यावर दाब कमी, तारा जुन्या, दिवे मिणमिणते, असें सारें आरोपपत्र आम्हीं मनांत रचलें. एका वर्तमानपत्राच्या संपादकांस पाठविण्याच्या पत्राचा मायनाही जुळविला. दुपारीं सहज चार्जरच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचलीं. १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब आम्हांला चालतो, असें तो बिचारा छापून सांगत होता. दिवा मंद होईल इतका दाब उतरला तरी चार्जरला त्याचें सुखदुःख नव्हतें. पत्र मनांतच राहिलें.

त्या दिवशीं आम्हांला सुचलें तें तें आम्हीं केलें. दुसऱ्या खोलींतील प्लग वापरला. यंत्र बंद करून त्याच्या भोंकांतील धूळ लांकडी काडीनें हलकेच काढली; ती बरीच निघाली. चार्जर काढून बटन तीस सेकंद दाबून धरलें. त्यानें यंत्राच्या आंतील लहानसा कारभारी नव्यानें जागा होतो म्हणतात. बाहेर ऊन बेचाळीस अंशांचें आणि माथ्यावर पत्रा, म्हणून यंत्र न्हाणीघरासमोरच्या थंड फरशीवर नेऊन ठेवलें. हा उपाय अगदींच वेडगळ नव्हता. या जातीची बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांपलीकडे तापली तर चार्जिंग घेण्याचें थांबवितात, आणि तें योग्यच आहे. पण फरशी थंड, यंत्र थंड, आणि आंकडा साठ.

तिसऱ्या पहांटे आम्ही वही घेऊन बसलों. काय लिहिलें तें पुढल्या वर्षीं कळेल.

शेजारच्या घरचा नातू तंत्रनिकेतनांत शिकतो आणि सुटीला आला होता. सायंकाळीं त्याला बोलावलें. त्यानें हत्यारें आणलीं नाहींत. ओट्यावर मांडी घातली आणि विचारलें, "सर, साठलाच थांबतो का? कधी अठ्ठावन्न, कधी त्रेसष्ट, असं होत नाही?" नाहीं, बरोबर साठ. "रोज?" रोज. तो हंसला. "मग हा बिघाड नाही. बिघाड इतका वक्तशीर नसतो. कुणीतरी याला साठावर थांब म्हणून सांगून ठेवलंय."

आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत एवढें नेमकें निदान आमच्या हातून एखाद्या कवितेचेंही झालें नसेल.

त्यानें जें सांगितलें त्याचा सारांश असा. या बॅटरींत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, आणि चार्ज होतांना ग्राफाइटच्या पदरांत शिरून बसतात. एकेका घटाला साधारण ४.२ व्होल्टपर्यंत भरतां येतें. पण काठोकाठ भरून, उबेंत, महिनोन्महिने ठेवलें तर आंतील द्रव्यें हळूहळू खराब होतात आणि बॅटरीचें आयुष्य घटतें. म्हणून ज्यांचें यंत्र सदैव टेबलावर, प्लगला जोडलेलें असतें त्यांच्यासाठीं निर्मात्यांनीं एक सोय ठेवलेली असते: साठ किंवा ऐंशीवर थांबण्याची. ती सोय आमच्या यंत्रांत चालू होती. कोणी केली? आम्हीं चिरंजिवांस फोन लावला. "बाबा, दोन वर्षांपूर्वी मीच केली. तेव्हा तुम्हांला समजावूनही सांगितलं होतं. तुम्ही 'हो, हो' म्हणालात." आम्ही तसें म्हणालों असूं, याविषयीं आम्हांला शंका नाहीं.

ही बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि ती घडविणाऱ्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ तेव्हां सत्त्याण्णव वर्षांचे होते. नोबेल मिळविणाऱ्यांत त्यांच्याहून वयोवृद्ध कोणी झालें नाहीं. हें आम्हीं आत्याबाईंना सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग मला अजून येळ हाय."

एक खूण काढून टाकली आणि चौथ्या पहांटे आंकडा शंभर झाला. पण काम चाललें तें सव्वा तास. नव्यानें घेतलें तेव्हां चार तास चालत असे. आम्ही पुन्हां तक्रार घेऊन नातवाकडे. त्यानें काळ्या खिडकींत 'पॉवरसीएफजी' अशी आज्ञा लिहिली, जागा सोडून एक तिरकी रेघ काढली, तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' लिहिलें, आणि यंत्रानें स्वतःची कुंडली काढून दिली. मूळ धारणशक्ति ४५,००० मिलिवॅट-तास. आजची, पूर्ण भरल्यावर, २०,७००. पडद्यावरचे शंभर टक्के हे आजच्या शक्तीचे असतात, पहिल्या दिवसाच्या नव्हे. आम्ही तो आंकडा बराच वेळ पाहात बसलों. नातवानें मग यंत्र सपाट फरशीवर ठेवून तें डुगडुगतें का, पोट फुगलें आहे का, हें तपासलें. फुगली असती तर एक मिनिटही चार्ज करावयाची नव्हती, आणि टोंचून किंवा दाबून पाहण्याचा विचारही करावयाचा नव्हता. आगीची भीति असते. फुगलेली नव्हती. फक्त म्हातारी झाली होती. "शहरात गेल्यावर नवी घाला, सर. यंत्र चांगलं आहे."

उरल्या होत्या दोन पहांटा, आणि प्रत्येकीचा सव्वा तास. आम्हीं पडद्याचा उजेड अगदीं कमी केला, वायफाय बंद केलें, एका फाइलीखेरीज सारें मिटवून टाकलें. 'ही ओवी मागच्या वर्षी सांगितलीत' असें म्हणून आत्याबाईंना मध्येंच थांबविण्याची आमची खोड होती, तीही सोडली; कारण थांबविलें कीं त्यांचा धागा तुटतो आणि तो पुन्हां जोडण्यांत बॅटरीचीं चार मिनिटें जातात. एरवीं हें आम्हांला सुचलें नसतें. त्या दोन सकाळींत चौतीस ओव्या मिळाल्या. बहुतेक मुराळ्याच्या आणि माहेरच्या वाटेच्या.

शेवटल्या पहांटे, बॅटरींत तीस टक्के शिल्लक असतां, आम्हीं ती दुसऱ्या दिवशींची ओवी मागितली. भावाची, जिच्यांत आमच्या वडिलांचें नांव आलें होतें. तेवढें आम्ही ऐकलें होतें, आणि नंतर आम्ही वायर हलवीत होतों. आत्याबाईंनीं डोळे मिटले. पुष्कळ वेळ गेला. मग म्हणाल्या, "तसली मी कधी म्हनलीच न्हाई, लेकरा. तुला सपान पडलं आसंल."

आम्हीं वाट पाहिली. यंत्र चालूच होतें. मग अंगणांत ऊन आलें, आणि त्यांनीं आम्हांला वडिलांच्या नांवानें हांक मारून चहा घेण्यास आंत बोलावलें.

नवी बॅटरी आम्हीं परतल्यावर घातली. ती आतां चार तास चालते. फाइलींत त्या ओवीच्या जागीं पहिल्या ओळींतले तीन शब्द आहेत, आणि पुढें टिंबें.