हंडेवालीचं पुढे काय झालं?

कादंबरी लिहायला शिकता येत नाही, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, गावोगावच्या छोट्या संमेलनांत, आसनगावच्या फलाटावर लोकलची वाट बघताना. कथानक रचणं, उत्कंठा वाढवणं, प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवणं ही रहस्यकथावाल्यांची कामं. आपण जगलेलं खरंखुरं लिहावं, कादंबरी आपोआप उभी राहते. कार्यशाळेला बोलावलं की मी हसून टाळायचो. शहरातून कोणी येणार आणि फळ्यावर पात्रांचे आलेख काढणार, त्यात आमच्या शहापूर-मुरबाडचं काय?

हे मत आता माझं राहिलेलं नाही.

माझ्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात अख्खा परिसर होता. 1892 साली बांधून झालेलं तानसा धरण, नंतरचं भातसा, मुंबईकडे धावणाऱ्या जाडजूड जलवाहिन्या आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात येणारे टँकर. म्हसाची यात्रा होती, वीटभट्टीवर निघालेली कातकरी कुटुंबं होती, समृद्धी महामार्गात जमीन गेल्यावर दारात उभी राहिलेली नवी गाडी होती. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ तर जागोजागी. एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि त्याचाच मला अभिमान होता.

तो खर्डा मुरबाडच्या आमच्या वहिनींनी वाचला. वहिनी दिवाळी अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या. कागद परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘भाऊजी, त्या भिमीचं पुढे काय झालं?’’

मला भिमी कोण ते चटकन आठवेना. टँकरच्या प्रसंगात विहिरीवर आलेली एक बाई. तिच्या डोक्यावर मी हंडा दिला, पाणीटंचाई सिद्ध केली आणि तिला सोडून धरणाच्या इतिहासाकडे वळलो. ‘‘तिचा हंडा भरला का, तेसुद्धा लिहिलं नाहीत तुम्ही,’’ वहिनी म्हणाल्या. मला रागच आला. एवढं धरण मांडलं, आणि यांना हंड्याची पडलीय!

पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच सुमारास नारिवलीकडच्या एका आजोबांकडून सिद्धगडची हकिकत ऐकली. 2 जानेवारी 1943च्या पहाटे स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. म्हणजे शेवट आधीच फुटलेला. तरी ऐकणारे जागचे हलत नव्हते. आजोबांनी जन्मसालापासून सुरुवात केली नाही. आधी सांगितलं की ठावठिकाणा पोलिसांना लागला, ते अंधारात निघाले. मग गडावरच्या माणसांची थंडी, त्यांचं उद्याचं बोलणं. आपल्याला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही, या एका गोष्टीवर सगळी हकिकत उभी होती. ‘उठा रे, निघा तिथून’ असं ओरडावंसं वाटत होतं. एरवी तीच माहिती मी भाषणात पाच मिनिटांत उरकतो आणि लोक घड्याळ बघतात.

घरी येऊन जुनी पुस्तकं वेगळ्या नजरेनं काढली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुस्तक होण्याआधी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. समाजसुधारणेचा एवढा गंभीर विषय, पण पुढच्या अंकाची वाट वाचकानं बघितली पाहिजे, हा धंदा हरिभाऊंना चुकला नव्हता. शिवाय सगळं नायिका यमूच्याच तोंडून. ‘बनगरवाडी’ 1955ची. तिथला मास्तर गावात नवखा, म्हणून गाव आपल्याला त्याच्याबरोबर हळूहळू कळतं. माडगूळकरांना माणदेशाची माहितीपुस्तिका आधी वाटावी लागत नाही. आणि माझा हुकमी एक्का होता ‘कोसला’. 1963ची, विस्कळीत, तंत्र झुगारलेली, असं मी सांगायचो. पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की नायकाच्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू पहिल्या पानांवर आला असता तर नुसतं वाईट वाटलं असतं. नेमाडे आधी आपल्याला पांडुरंगाबरोबर पुण्यातल्या हॉस्टेलात टवाळक्या करत फिरवतात, मग तो घाव घालतात. याला विस्कळीत म्हणणं हा माझा आळस होता.

मग विहिरीचा प्रसंग नव्यानं लिहायला घेतला. आधीच्या खर्ड्यात ‘महिलांची झुंबड उडाली’ असं वर्तमानपत्री वाक्य होतं. पाहिलेलं मात्र वेगळंच होतं. टँकरवाला जाड पाईप विहिरीत सोडतो. पाणी वरून आदळतं आणि तळचा गाळ ढवळून वर येतो. पहिला पोहरा टाकणारीला गढूळ पाणी मिळतं. थांबणारीला नितळ मिळेल, पण तोवर विहिरीत काही उरेल याची खात्री नाही. म्हणून बायका काठावर एकमेकींचे हात बघत उभ्या असतात. हे मी कित्येकदा बघितलं होतं, आणि लिहिताना गाळलं होतं! आता भिमीच्या घरी जुलाबानं निपचित पडलेलं पोर आहे. तिला नितळच पाणी हवं. ती थांबते. पोहऱ्यांवर पोहरे पडतात, बाकीच्यांचे हंडे भरत जातात. धरणाविषयी त्या प्रकरणात एकच वाक्य उरलं: विहिरीमागून मुंबईची पाइपलाइन जाते, तिच्या सावलीत भिमीनं रिकामा हंडा ठेवलाय.

कादंबरीचे ठरावीक साचे मला अजून पटत नाहीत. अमुक पानावर संकट, तमुक पानावर कलाटणी, असला हिशेब वाचला की पुस्तक मिटतो. पण माणसाला काहीतरी हवंय, ते मिळायला अडचण आहे, आणि वाचकाला काय कधी कळू द्यायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं, एवढं तरी शिकता येतं. घासून, खोडून, दुसऱ्याला वाचायला देऊन. मातीचा त्याला विरोध नसतो.

पाणीप्रश्नावर काम करणारा माझा एक मित्र मात्र चिडलाय. ‘‘तानसाची सगळी पानं काढलीस? मुंबईला पाणी कसं गेलं ते लोकांना कोण सांगणार?’’ त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ती पानं मी फाडलेली नाहीत. त्यांचा वेगळा लेख होईल, आकडेवारीसकट, आणि तो त्यानं हवा तिथे छापावा. कादंबरीत ती परत घालणार नाही, हे त्याला सांगून झालंय. त्यानं अजून मान्य केलेलं नाही.