हाडाजवळची लाली

ईस्टरच्या जेवणाची जबाबदारी आम्ही आपण होऊन अंगावर घेतली होती, हे आरंभीच कबूल करून टाकतो. साल २००३. आमच्या सौ. चर्चच्या गायकवृंदात, त्यांना त्या दिवसांत घरात उसंत कुठली? कोंबडी आठवडाभर आधीच आणून, तुकडे करून, एकाच पिशवीत कोंबून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली होती. शनिवारी सकाळी ती खालच्या कप्प्यात उतरवायची, एवढेच काय ते आमच्याकडे सोपवले होते. आम्ही विसरलो.

रविवारी पिशवी फाडली तेव्हा हाती एक दगड आला. पाहुणे मुंबईहून निघालेले. आम्ही तो दगड तसाच परतलेल्या मसाल्यात टाकला, पाणी ओतले आणि झाकण ठेवले. पाऊण तासाने पाहिले तर कडेचे मांस हाडावरून गळू लागलेले, रश्श्यावर तर्री आलेली, वासाने ओसरीवरची मंडळी चुळबुळू लागलेली. मधले तुकडे एकमेकांपासून नुकतेच सुटले होते. ते आम्ही पळीने ढवळून दिले आणि पाने वाढली. सासूबाई त्या वेळी साठीच्या घरातल्या. त्यांच्या ताटात आम्ही मानाची तंगडी वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना ताप भरला, पोट बिघडले. पुढले चार दिवस इस्पितळात सलाईनवर गेले. बाकी कुणाला काही झाले नाही. दोष त्या तंगडीचाच होता, असे कुणी सिद्ध केले नाही, डॉक्टरांनीही नाही. परंतु ती मधल्या तुकड्यांतली होती, हे आमच्याखेरीज कुणास ठाऊक नव्हते. आम्हीही ते बरीच वर्षे बोललो नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. बर्फातली कोंबडी थेट चुलीवर चढवायची नाही. सकाळी सात वाजता ती परातीत काढून ओट्यावर ठेवायची आणि दुपारी बारापर्यंत हात लावायचा नाही. आम्ही हा नियम प्रायश्चित्तासारखा पाळला, तो थेट डिसेंबर २०१६ पर्यंत. त्या नाताळात परदेशी हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणारी आमची पुतणी सुटीवर आली होती. ओट्यावरची परात पाहून ती थबकली.

"काका, ही कधीपासून बाहेर आहे?"

आम्ही मोठ्या अभिमानाने वेळ सांगितली. तिने काही न बोलता परात उचलली आणि कोंबडी केराच्या डब्यात टाकली. सणाच्या दिवशी! आम्हाला राग आला, तो लपवला नाही. मग तिने शांतपणे समजावले ते असे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, निजतात. ओट्यावर कोंबडीची वरची साल तासाभरात सैल पडते, पोटात अजून बर्फ असतो, आणि त्या सालीवर निजलेले जंतू जागे होतात. चार ते साठ अंश सेल्सियस हा त्यांचा सुगीचा पट्टा. अनुकूल उष्म्यात ते वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. आमच्या वसईत डिसेंबरातही दुपारी पारा तिशीकडे झुकतो. एप्रिल-मेची गोष्टच नको.

म्हणजे तेरा वर्षे आम्ही एका चुकीच्या भयाने तिच्याहून मोठी चूक करीत आलो होतो. थेट बर्फातून शिजवणे हा मुळी गुन्हाच नव्हता! अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्गदर्शनही तेच सांगते: गोठलेली कोंबडी चुलीवर वा भट्टीत तशीच शिजवण्यास हरकत नाही, मात्र नेहमीच्या दीडपट वेळ द्यावा आणि सर्वांत जाड भागाच्या गाभ्यात ७४ अंशांचा उष्मा भरला पाहिजे. अगदी मंद आचेवर तासन्‌तास रेंगाळत ठेवणे तेवढे टाळावे, कारण तेथे तोच सुगीचा पट्टा लांबतो. दीडपट वेळ का, याचे उत्तर आम्ही शाळेत घोकलेच होते. एक ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी करण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. रश्श्याला उकळी फुटलेली असली तरी गोळ्याच्या पोटात हे फेडणे चालूच असते. आम्ही पाऊण तासात जेवण उरकले, तेथे सव्वा तासही कमीच पडला असता. कारण एकास एक चिकटलेल्या तुकड्यांचा तो एकच जाड तुकडा होता.

आता आमच्या घरी तुकडे पिशवीत पातळ, एकपदरी पसरून गोठवले जातात. आठवण राहिली तर कोंबडी आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात उतरते. दोन किलोंच्या अख्ख्या कोंबडीस तेथे सुमारे २४ तास लागतात. घाई असली तर न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. आणि विसरलो तर थेट पातेल्यात, वेळ देऊन. पुतणीने सुईसारखा एक तापमापक पाठवला आहे. सौ. त्याला आमचा क्रूस म्हणतात.

सासूबाईंनी आम्हाला कधी दोष दिला नाही. मात्र त्या ईस्टरपासून त्या प्रत्येक तुकडा हाडापाशी मोडून पाहतात. गेल्या नाताळात कोंबडी बर्फातूनच पातेल्यात गेली होती, तापमापकाने ८० दाखवले होते. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनी तंगडी मोडली आणि हाडालगत काळसर लाली दिसताच हात आखडता घेतला.

"शिजलीय ना हो, जावई?"

कोवळ्या ब्रॉयलरचे हाड कच्चे असते, गोठल्यावर त्यातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, मांस पूर्ण शिजले तरी ती लाली जात नाही, हे सारे आम्हाला पाठ होते. आम्ही तोंड उघडले, मिटले, आणि ती तंगडी उचलून आपल्या ताटात घेतली. त्यांना छातीचा तुकडा वाढला, आणि त्या तंगडीची जुनी गोष्ट त्याच पंगतीत सांगून टाकली.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या.