पगारपत्रकातले दोनशे रुपये

मार्चमध्ये आमच्या टीममध्ये चौदा जण होते, आता नऊ आहोत. आणि त्या नऊतला मी गेले सात आठवडे बेंचवर आहे. बेंच म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक :) पगार येतो, काम नसतं, आणि एचआरकडून मीटिंगचं बोलावणं आलं की पोटात गोळा येतो. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता मात्र 5 तारखेला न चुकता कापला जातो.

अशा वेळी काका-मामा मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं. "आम्ही काय काय सोसलं, तुमची पिढी लगेच हातपाय गाळते." मला या वाक्याचा मनापासून वैताग आहे. म्हणून परवा गावी गेलो तेव्हा आजीलाच विचारलं, की बाई, तुम्ही नक्की काय सोसलंत आणि कसं?

आमचं गाव सांगोला तालुक्यात. पावसाची तशी कायमची बोंब, पण 1972 साली सगळंच गेलं. आजी तेव्हा बावीस वर्षांची, बाबा चार वर्षांचे. बैल आधीच विकलेले. घरात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरीबद्दल आजी आजही जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजोबा आणि ती दोघंही दुष्काळी कामावर जायचे. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावावर माती वाहायला. पोरांना तिथेच सुकडी मिळायची. बाबांना बाकी काही आठवत नाही, सुकडीची चव तेवढी आठवते.

"मुकादम लई कडू हुता, पर हजेरी खरी लावायचा," आजी म्हणाली. मी वाट बघत होतो की ती आता सहनशक्ती, जिद्द, देवावरचा विश्वास वगैरे काहीतरी सांगेल. तिने सांगितलं ते हजेरीपटाचं. शनिवारी पैसे मिळणार हे माहीत होतं, म्हणून शुक्रवारपर्यंत ढकलता आलं, बस्स.

पुण्याला परत येताना बसमध्ये हेच डोक्यात होतं. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पन्नास लाख! हे आपोआप होत नाही. वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तासगाव भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळानंतर त्या कल्पनेला कायद्याचं रूप मिळालं. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 साली देशभरासाठी जो कायदा झाला, त्याची मुळं इथे आहेत.

पण मला खरी मजा वाटली ती पैशांची. खेड्यातल्या या कामाला पैसा आणायचा कुठून? तर शहरातल्या पगारदारांकडून. 1975 साली राज्याने व्यवसाय कर लावला, आणि त्यातून जमेल तेवढीच भर सरकारने आपली घालायची असं ठरलं. तुमच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, वर्षाचे 2500? तोच तो प्रोफेशन टॅक्स. पहिल्या नोकरीपासून मी ती ओळ बघतोय आणि "हे काय आणखी एक" म्हणून सोडून देतोय. मुंबईतल्या कुठल्यातरी कारकुनाच्या पगारातून असे पैसे कापले गेले, आणि सांगोल्याकडच्या कोरड्या वर्षात कुणाच्यातरी शनिवारच्या हजेरीचे झाले.

देशभक्ती म्हटलं की आपल्याला क्रिकेट मॅच आठवते किंवा सीमेवरचा जवान. आमच्या आजोबांची जरा वेगळी होती. 1965 साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं. आजीचं त्यावर म्हणणं असं, की सोमवार आधीच महादेवाचा, तो उपवास रात्री सोडायचा असतो, आणि रात्रीचं जेवण शास्त्रीजींनी नेलं. मग माणसाने खायचं कधी? आजोबा हसायचे आणि पाणी पिऊन झोपायचे म्हणे.

म्हणून मला ते 'सोसण्याचं' कौतुक अर्धवट वाटतं. आजी चिवट आहेच, पण नुसत्या चिवटपणावर ते वर्ष निघालं नसतं. तिला कुणीतरी काम दिलं, कुणीतरी हजेरी खरी लावली, आणि त्या वर्षाची आठवण ठेवून कुणीतरी पुढच्यांसाठी स्वतःच्या पगारातून पैसे दिले. दुष्काळाने गाव सोडून गेलेल्यांना आजी कधी नावं ठेवत नाही. कॅनडाचा विचार करणाऱ्या मित्रांना मीही ठेवत नाही.

असो. टीममधून गेलेल्या पाचांपैकी एकाचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि गृहकर्ज माझ्यापेक्षा मोठं. ज्याची नोकरी टिकली नाही त्याच्या हप्त्यासाठी काहीतरी करायचं असं आम्ही चौघांनी ठरवलं. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, मग "लिहून ठेवा, परत करणार" म्हणाला. एक्सेल शीट केलंय. त्या शीटचं नाव मी 'मुस्टर' ठेवलंय, बाकीच्या तिघांना ते कळलेलं नाही.

पहिले दोन हप्ते गेले. तिसऱ्या महिन्यात माझंच नाव त्या शीटच्या दुसऱ्या बाजूला असू शकतं, हे चौघांनाही माहीत आहे. आजीचा काल फोन आला होता. "काम मिळालं का रं?" मी म्हटलं, अजून नाही. "बरं. आन् हजेरी?" म्हटलं, हजेरी लागतेय.