अंगणात आलेली शाळा

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. जवळच सहस्रकुंडचा धबधबा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि आसपास सागाचे रान. 1948 पर्यंत या मुलखावर निजामाची सत्ता होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 1956 पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गोंडी, तांड्यावर बंजारा बोली, तर बाजारात तेलुगूही कानी पडे. ज्याच्या घराण्यात पूर्वी कोणी पाटी धरली नव्हती, अशा मुलाला शाळा हे परक्याचे घर वाटले तर नवल नव्हते.

ते परके घर मुलाला आपले वाटावे, ही किमया गावच्या शिक्षिकेची. पहिली पिढी तिला ‘बाई’ म्हणते, दुसरी पिढी ‘आजी’ म्हणू लागते. ज्या हाताला धरून तिने बापाकडून ‘अ’ गिरवून घेतला, त्याच बापाचे लेकरू पुढे तिच्या ओट्यावर येऊन बसते. अशा बाईंचे चरित्र बहुधा कोणी लिहीत नाही. हजेरीपटावरील सही आणि निवृत्तीच्या दिवशीचा नारळ-शाल, एवढीच त्यांची नोंद उरते. मात्र त्या साऱ्याजणींच्या वतीने स्मरावे, असे एक जीवन महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. ते अनुताई वाघ यांचे.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच, काही महिन्यांत, वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघराचा कोपरा आणि जन्मभराचे मिंधेपण येई. अनुताई शिकल्या. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या परिसरात काही वर्षे अध्यापन केले. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमामुळे जैन कुटुंबांना सुपरिचित असलेले हेच ते चांदवड. पुढे पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांना नोकरी मिळाली. दिवसा शिकवावे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकावे, असा क्रम ठेवून त्या मॅट्रिक झाल्या.

हुजूरपागेची नोकरी म्हणजे सन्मानाची जागा आणि महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार. आधार नसलेल्या स्त्रीला त्या पगाराचे मोल किती होते, हे व्यवहार जाणणाऱ्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. तरीही 1945 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या नोकरीचे बंध सोडून अनुताई डहाणू भागातील बोर्डी येथे ताराबाई मोडकांच्या कामात दाखल झाल्या. ताराबाई त्या वेळी 53 वर्षांच्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता. शहरातील सुस्थित घरांच्या मुलांना लाभणारे बालशिक्षण खेड्यातील गरीब मुलाला का मिळू नये, हा त्यांचा प्रश्न होता. बोर्डीचे ग्राम बाल शिक्षा केंद्र हे त्याचे उत्तर. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले.

पहिली अडचण अगदी साधी होती. मुले शाळेत येतच नसत. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे, मुलगा गुरे घेऊन रानात जाई, आईबाप पोटामागे पहाटेच बाहेर पडत. शाळेची घंटा कितीही वाजवली, तरी ती या घरांपर्यंत पोहोचत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. वस्तीतल्या अंगणात भरणारी म्हणून ती ‘अंगणवाडी’. गुराख्यांसाठी चराऊ कुरणावर भरू लागली ती ‘कुरणशाळा’. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. तान्हे भावंड पाळणाघरात ठेवता आले आणि बहिणीच्या हाती पाटी आली.

साहित्याचा प्रश्नही त्यांनी असाच काटकसरीने सोडवला. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या आल्या. चिंचोक्यांवर मोजणी शिकता येते आणि पानांच्या आकारांवरून लहानमोठे कळते. मुलाच्या बोलीला हसायचे नाही, त्याच्या अंगाला मातीचा वास येतो म्हणून त्याला दूर बसवायचे नाही. आधी न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, मग गाणे-गोष्ट, आणि अक्षर त्यानंतर. हा अभ्यासक्रम कोणत्याही घरातल्या आजीला तोंडपाठ असतो. अनुताईंना स्वतःचे मूल नव्हते, परंतु परक्या लेकरांना न्हाऊमाखू घालण्यात त्यांची हयात गेली.

31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई निवर्तल्या. त्यांच्यामागे टेकडीवरच्या कामाचा भार अनुताईंनी वाहिला. पुढे प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ संस्था उभी केली, ती वयाची सत्तरी उलटल्यावर. त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाची हकिकत सांगितली आहे. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे देहावसान झाले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगावी गेला. आज किनवट तालुक्यातील पाड्यातांड्यांवर ज्या खोलीत लहानग्यांना खिचडी मिळते आणि बडबडगीते ऐकू येतात, त्या खोलीच्या नावात बोर्डीचे ते अंगण आहे. या कामाचा एक सुखद पुढचा अंकही महाराष्ट्राने पाहिला. 8 मार्च 2016 रोजी मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. बालपणी पाटी न मिळालेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या आणि स्वतःची सही करू लागल्या. अंगठ्याच्या जागी सही येणे म्हणजे काय, हे बँकेच्या काउंटरवर किंवा दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला नेमके कळते. सही करणारा माणूस समोरचा कागद वाचून घेतो, आकडा तपासतो, प्रश्न विचारतो.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे चतुर्विध दान सांगितले आहे. पर्युषणात या चारही दानांची महती ऐकली जाते. आहार आणि औषध यांसाठी व्यापारी कुटुंबांचा हात नेहमीच सढळ राहिला आहे. ज्ञानाच्या दानाला मात्र केवळ पैसा पुरत नाही. तेथे कोणीतरी रोज, ठरल्या वेळी, मुलासमोर बसावे लागते. अनुताईंनी सत्तेचाळीस वर्षे ते बसणे सांभाळले. आणि मुलाला शाळेची भीती वाटेनाशी करणे, हे अभयदानाहून फारसे वेगळे म्हणता येणार नाही.

इस्लापूर, किनवट, भोकर, हिमायतनगर या पट्ट्यात किराणा, कापड, आडत यांचा व्यापार ज्या गिऱ्हाइकांवर चालतो, त्यांचीच मुले बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात. अनेक घरांत शिकलेली सून आहे, नोकरीतून निवृत्त झालेली सासू आहे. सामायिक आणि स्वाध्याय उरकल्यावर दुपारचा एक तास मोकळा असतो. त्या तासासाठी इमारत, देणगी वा उद्घाटन काही लागत नाही. ओट्यावर एक चटई अंथरावी, सुपात मूठभर चिंचोके घ्यावेत आणि पायरीवरच्या मुलाला हाक मारून त्याचे नाव विचारावे.