उद्याची भाकर, आज

प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीचे एक मागणे आहे आणि त्या भाकरीला जोडलेले एकच विशेषण आज शतकानुशतके पंडितांना कोडे घालीत आले आहे. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानकारांनी ते ‘एपिऊसिओस’ असे लिहिले. परंतु ज्याचा सारा विद्याव्यासंग ग्रीक भाषेतच झाला, त्या अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने तिसऱ्या शतकातच नमूद करून ठेवले की, हा शब्द विद्वानांच्या ग्रंथांत आढळत नाही, सामान्यांच्या बोलण्यात ऐकू येत नाही आणि तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा. व्युत्पत्तीच्या वाटेने जावे, तर एक वाट अस्तित्वास आवश्यक अशा अन्नाकडे नेते, दुसरी चालू दिवसाच्या अन्नाकडे आणि तिसरी येणाऱ्या दिवसाच्या अन्नाकडे. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन पाठ सिद्ध करणाऱ्या जेरोमने तर एकाच शब्दाला लूकमध्ये ‘रोजची’ असा अर्थ दिला आणि मत्तयात ‘द्रव्यातीत’ असा. आणि तेवढ्यावरून मागणे चुलीपासून उठून वेदीपर्यंत जाऊन पोचले.

हा शब्द लौकिक व्यवहारात एकदा तरी सापडावा, ही अभ्यासकांची तळमळ मोठी होती. मिसर देशातील हवारा येथे फ्लिंडर्स पेट्रीला मिळालेल्या पपायरसांत खर्चाची एक फर्द होती. 1889 साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील एका तुटक अक्षरपंक्तीत हाच शब्द वाचण्यात आला, आणि आपल्याकडील जुन्या दप्तरांतील ‘रोजमुरा’ किंवा ‘शिधा’ यांसारखाच तो हिशेबी शब्द असावा, असा समज पुष्कळ काळ रूढ झाला. पुढे ती फर्द गहाळ झाली. 1998 साली ती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा हाती आली आणि अक्षरे नव्याने न्याहाळली गेली, तेव्हा तेथे ‘तेल’ एवढाच साधा शब्द निघाला.

म्हणून पुन्हा व्युत्पत्तीकडेच वळावे लागते; तिच्या तीन वाटांपैकी मला स्वतःला तिसरी, येणाऱ्या दिवसाची, वाट सत्याच्या अधिक निकटची वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत ‘येणारा दिवस’ याच धातूच्या रूपाने सांगितला आहे. शिवाय इब्री लोकांत प्रचलित असलेल्या एका शुभवर्तमानात या जागी ‘महार’, म्हणजे ‘उद्याची’, असा शब्द होता, असे जेरोमच सांगतो. मग मत्तयात ज्या अध्यायात ही प्रार्थना आहे, त्याच अध्यायात पुढे येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो, त्याची संगती कशी लावावी? ती मला द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात लागते. तिन्हीसांजेला कारभारी मजुरांना हाक मारतो आणि पहाटेपासून राबलेल्याच्या तळहातावर, तसाच अखेरच्या तासाला आलेल्याच्याही तळहातावर, एकेक दिनार ठेवतो. कारण काम तासाने मोजता येते, भूक येत नाही. मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, असे मोशेचे नियमशास्त्रच बजावते. आणि यहुदी गणनेत सूर्य मावळताच नवा दिवस लागतो. म्हणजे संध्याकाळी हाती पडलेल्या त्या नाण्यातूनच उद्याचे पीठ घरात यायचे. उद्याची भाकर आज मागणारा मनुष्य साठा मागत नाही; एका रात्रीची निश्चिंती तेवढी मागतो, आणि ती मिळाली की चिंता न करण्याची आज्ञा त्याला पाळता येते.

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ‘भाकर’ आली, ही म्हणूनच मोठ्या समाधानाची गोष्ट होय. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावी त्यांना पोटाशी धरणाऱ्या पंडिता रमाबाईंनी पुढे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. या मागणीचा अर्थ त्यांच्या पंक्तीला रोज जेवत होता.

या प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही, ‘आमची’ आहे, हे विसरता येत नाही. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. तेव्हा दिवस मावळल्यावर कामकऱ्याला रिक्तहस्ते परत पाठवून जो धनी रात्री हे मागणे ओठांवर आणतो, तो ज्या भाकरीसाठी देवापुढे हात पसरतो, तिचा एक वाटा त्याच्याच कनवटीला अडकलेला असतो. ती गाठ त्याने आधी सोडावी, आणि मग प्रार्थनेला उभे राहावे.